नळी बहुतेक वेळ रिकामीच असते

जानेवारीतली रात्र, साडेदहाचा सुमार. पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, माझी दुर्बीण मृग नक्षत्राकडे तोंड करून उभी आहे. भिंग ८० मिलिमीटर व्यासाचं, नळी अर्ध्या मीटरची, डोळा लावायच्या जागी एक सेकंडहँड डीएसएलआर. मृगातल्या तेजोमेघाचा फोटो काढणं चाललंय. अशा वेळी कोणी विचारलं की आत्ता, या क्षणी, या नळीत त्या तेजोमेघाचा किती प्रकाश आहे, तर खरं उत्तर आहे: बहुधा काहीच नाही.

हिशेब सोपा आहे. तेजोमेघाचा सगळा प्रकाश एकत्र केला तर तो चौथ्या प्रतीच्या ताऱ्याएवढा भरतो. तेवढ्या उजेडातून माझ्या भिंगावर दर सेकंदाला ढोबळमानानं ११ लाख फोटॉन पडतात. आकडा भरघोस वाटतो. पण त्याच एका सेकंदात प्रकाश तीन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे हे ११ लाख फोटॉन तीन लाख किलोमीटर लांबीच्या रांगेत पसरलेले असतात. भागून बघा. दोन फोटॉनांमध्ये सरासरी पावणेतीनशे मीटरचं अंतर निघतं. आमच्या गल्लीच्या या टोकाला एक, त्या टोकाला दुसरा. अर्ध्या मीटरच्या नळीत एखादा सापडण्याची शक्यता साडेपाचशेत एक, आणि दोन एकदम सापडण्याची तर विचारूच नका. ज्याचा फोटो चाललाय त्याचा प्रकाश नळीत जवळजवळ कधीच नसतो, आणि तरी फोटो येतो.

तळमजल्यावरचे काका रात्री टाकीचं झाकण बघायला वर येतात. बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे हिशेबात रस.

"काय दिसतंय आज?"

"मृग, काका."

"मृग? तो जूनमध्ये लागतो ना रे?"

काकांचं चुकलं नव्हतं. मृग लागतो म्हणजे सूर्य मृगात जातो, साधारण ७-८ जूनला. सूर्यच तिथं असल्यामुळे तेव्हा मृगाचे तारे दिवसा उगवतात आणि दिवसाच मावळतात. पेरणीच्या दिवसांत ज्याच्या नावानं पाऊस मोजतो तो मृग डोळ्यांनी बघायचा तर थंडी पडावी लागते. मृगाचे चार पाय, पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण आणि त्या बाणाखाली एक धुरकट ठिपका. साध्या डोळ्याला तो तारा वाटतो, तोही जरा पुसलेला. पुण्यातून जानेवारीच्या मध्याला तो याच सुमारास आकाशात सर्वांत वर येतो, क्षितिजापासून ६६ अंशांवर. युरोपातल्या हौशी मंडळींना तो जेमतेम इमारतींच्या वर दिसतो. तेवढ्यापुरते आपण नशीबवान.

शार्ल मेसिए नावाच्या फ्रेंच धूमकेतू-शोधकानं ४ मार्च १७६९ रोजी या ठिपक्याची जागा टिपून ठेवली. त्याला खरं तर धूमकेतू हवे होते, आणि धूमकेतूसारखे दिसून फसवणाऱ्या गोष्टींची त्यानं यादी केली. त्या यादीतला हा बेचाळिसावा, म्हणून एम-४२. कटकटींची ती यादी आज हौशी लोकांची पंढरी झाली आहे.

लहानपणी संध्याकाळी परवचा म्हणताना पाढ्यांच्या शेवटी आजोबा एक यादी म्हणून घ्यायचे. एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष, दशलक्ष, कोटी, दशकोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. प्रत्येक नाव आधीच्याच्या दसपट. कोटीनंतरच्या नावांचा व्यवहारात कधी उपयोग होणार नाही, अशी माझी तेव्हाच खात्री पटली होती. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'लीलावती'तही अशीच अठरा स्थानं आहेत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. आजोबांचा सूर तिथं पोचला की पानं वाढलेली असायची, म्हणून तो शब्द मला अजून आमटीच्या वासाचा वाटतो.

उपयोग झाला तो गच्चीवर. हा तेजोमेघ सुमारे १,३४० प्रकाशवर्षांवर आहे. एक प्रकाशवर्ष म्हणजे साडेनऊ महापद्म किलोमीटरच्या जरा आत. गुणाकार केला की एकूण अंतर येतं १.२७ मध्य किलोमीटर. सतराव्या घरातला आकडा! आजोबांच्या यादीत अजून एक घर शिल्लक राहतं. मीटर मोजायला घेतले तर मात्र परार्धाच्याही पलीकडे जावं लागतं.

नाव मिळालं म्हणून आकडा डोळ्यांपुढे येतोच असं नाही. म्हणून मी एक प्रमाण मनात धरून ठेवलं आहे. सूर्य ते पृथ्वी हे पंधरा कोटी किलोमीटरचं अंतर एक सेंटीमीटर धरायचं. या मापात सूर्य केसाच्या जाडीचा होतो, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग, तोही पुरता नाही. पृथ्वी जंतूएवढी, बघायला सूक्ष्मदर्शक लागेल. नेपच्यून सूर्यापासून एका फुटावर. आता तेजोमेघ कुठे? ८५० किलोमीटरवर. पुण्याहून गाडी काढायची, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी करत थेट बंगळूरला जायचं, साधारण तेवढं अंतर. आणि तिथं जे दिसेल ते १५ किलोमीटर रुंदीचं आहे, जवळजवळ एक आख्खं शहर. इथे केसाएवढा सूर्य, त्याच्यापासून सेंटीमीटरवर आपण, आणि बंगळूरला शहराएवढा उजळलेला धूर.

एवढं मोठं असल्यामुळेच ते दिसतं. तेजोमेघाची खरी रुंदी २४ प्रकाशवर्षं धरतात, आणि आकाशात तो एक अंशाहून किंचित मोठा भरतो. दोन पौर्णिमेचे चंद्र शेजारी शेजारी ठेवा, तेवढा. हात ताठ करून करंगळी समोर धरली की तिच्याआड तो जवळजवळ झाकला जातो. तेजोमेघाचा फोटो म्हणजे प्रचंड मोठी दुर्बीण आणि प्रचंड मोठं करून दाखवणारी भिंगं, असा लोकांचा समज असतो. इथे आकार कधीच आड येत नाही. आड येतो तो उजेडाचा दुष्काळ.

दुष्काळ किती, तेही काढता येतं. तेजोमेघातून निघालेला प्रकाश चहूकडे जातो. तो माझ्यापर्यंत येतो तेव्हा १,३४० प्रकाशवर्षं त्रिज्येच्या एका अवाढव्य गोलावर पसरलेला असतो, आणि त्या गोलाच्या पृष्ठभागावर माझं भिंग म्हणजे ५० चौरस सेंटीमीटरचा एक ठिपका. एकाला दुसऱ्यानं भागलं की एकावर एकेचाळीस शून्यं आणि त्याची चौपट असा आकडा येतो. आजोबांची यादी इथे संपते. परार्धाला परार्धानं गुणलं तरी शून्यं होतात चौतीस. म्हणजे चार कोटी परार्ध परार्ध. एवढे फोटॉन तिकडून सुटतात तेव्हा त्यातला एक माझ्या नळीत शिरतो. बाकीचे कुठे जातात याला उत्तर नाही; बहुतेक अजून चाललेच असतील.

त्या एकेकाचं ओझं तरी किती? सहा तास सतत भिंग उघडं ठेवलं आणि तेजोमेघाकडून आलेली सगळी ऊर्जा साठवली, तर दोन मिलिग्रॅमचा डास तेवढ्या जोरावर अर्धा मिलिमीटरसुद्धा वर चढणार नाही. गच्चीवरच्या डासांशी माझा जवळचा परिचय असल्यामुळे हे उदाहरण मला सुचलं.

डोळ्याचं मात्र या व्यवहारात काही चालत नाही. अंधारात बाहुली फार तर सात मिलिमीटर उघडते आणि डोळा सेकंदाच्या दर दहाव्या भागाला पाटी पुसून टाकतो. कॅमेऱ्याची पाटी आपण म्हणेपर्यंत पुसली जात नाही. भिंग डोळ्याच्या १३० पट मोठं आणि तासभर जमा करण्याची मुभा, दोन्हींचा गुणाकार ४५ लाखांच्या वर जातो. दुर्बिणीला डोळा लावून एम-४२ बघितलेल्या माणसाला राखाडी, फार तर हिरवट झाक असलेलं पाखराच्या पंखासारखं काहीतरी दिसतं. फोटोत दिसणारा लालगुलाबी रंग त्यानं कधीच बघितलेला नसतो. पाहुण्यांना मी आधी डोळ्यानं दाखवतो, मग स्क्रीन. उलट क्रमानं दाखवलं की ते चिडतात.

तो हिरवट रंग हे मात्र या सगळ्या भानगडीतलं माझ्या सर्वांत आवडीचं प्रकरण आहे.

तेजोमेघ म्हटलं की दाट ढग डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात त्याच्या उजळ, दाट भागात एका घन सेंटीमीटरमध्ये दहा हजारांच्या आसपास कण असतात. आपल्या खोलीतल्या हवेत तेवढ्याच जागेत अडीचशे परार्ध रेणू असतात. पुन्हा परार्धाबाहेरचा आकडा. ल्यूडोच्या फाशाएवढी हवा घ्या आणि काठोकाठ भरलेल्या कोयनेच्या शिवसागर जलाशयाएवढ्या जागेत, म्हणजे शंभर टीएमसीत, ती एकटीच पसरा. तेव्हा कुठे तेजोमेघाच्या दाट भागाइतकी विरळ होईल. बाकीचा तेजोमेघ याहून पोकळ. त्या वायूचं तापमान दहा हजार अंशांच्या घरात आहे, पण कणच इतके थोडे की हात घातला तर भाजणार नाही, गोठेल. आणि असा हा नसल्यासारखा वायू २४ प्रकाशवर्षं पसरला की त्याचं वजन, आतल्या ताऱ्यांसह, सुमारे दोन हजार सूर्यांएवढं मानलं जातं.

१८६४ साली विल्यम हगिन्स यांनी लंडनच्या टल्स हिल भागातल्या आपल्या घरच्या वेधशाळेतून एका तेजोमेघाचा वर्णपट पाहिला. ताऱ्यासारखा सलग पट्टा दिसण्याऐवजी मोजक्या चकचकीत रेषा दिसल्या, म्हणजे तो वायू होता. पण त्यातल्या ठळक हिरव्या रेषा पृथ्वीवरच्या कुठल्याही मूलद्रव्याशी जुळेनात. शेवटी नवीनच मूलद्रव्य आहे असं धरून त्याला 'नेब्युलियम' असं नावही पडलं. साठ वर्षं ते कोडं सुटलं नाही. १९२७ साली अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आयरा बोवेन यांनी उलगडा केला: हा आपला ऑक्सिजनच, फक्त दोन इलेक्ट्रॉन गमावलेला. तो एका विशिष्ट अवस्थेत अडकतो आणि तिथून सुटताना हिरवा फोटॉन टाकतो. पण सुटायला त्याला सरासरी चाळीसेक सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ त्याला कोणी धक्का मारता कामा नये.

चाळीस सेकंद शांतता. आपल्या हवेत प्रत्येक रेणूला दर सेकंदाला सुमारे सात अब्ज धक्के बसतात. चाळीस सेकंदांत झाले पावणेतीन निखर्वांच्या वर. ऑक्सिजनला तो फोटॉन टाकायला उसंतच मिळत नाही. तेजोमेघातल्या पोकळीत ती मिळते. माझ्या पाहुण्यांना जो फिकट हिरवा रंग दिसतो, तो अशा एकेकट्या, कोणी न हटकलेल्या अणूंचा असतो. वायू अजून दाट असता तर उजेड वाढला असता असं वाटतं; हा हिरवा प्रकाश तर विझलाच असता.

फोटोतला लाल रंग हायड्रोजनचा. ६५६.३ नॅनोमीटर, दर वेळी तोच, एका छटेचाही फरक नाही. गंमत म्हणजे कॅमेरा कंपन्या सेन्सरपुढे जी काच बसवतात ती नेमका हाच लाल बराचसा अडवते, कारण लग्नाच्या फोटोत लोकांचे चेहरे तांबडे येऊन चालत नाही. म्हणून हौशी लोक धडधाकट कॅमेरा उघडून ती काच काढून टाकतात. माझ्या कॅमेऱ्याची काच काढून घेतली तेव्हा घरात दोन दिवस कोणी माझ्याशी धड बोलत नव्हतं.

या सगळ्या वायूला पेटतं ठेवणारा मुख्य तारा एकच आहे. तेजोमेघाच्या मध्यभागी चार ताऱ्यांचा एक चिमुकला चौकोन दिसतो, ट्रॅपेझियम. त्यातला सर्वांत तेजस्वी तारा सुमारे दोन लाख सूर्यांइतका प्रखर आहे. त्याच्या आसपासचा भाग एवढा उजळ की मिनिटभराच्या फ्रेममध्ये नुसता पांढरा डाग येतो. तिथल्यासाठी पाच-पाच सेकंदांच्या वेगळ्या फ्रेम घ्याव्या लागतात आणि नंतर दोन्हींचा सांधा जुळवावा लागतो. मध्य जमलं की कडा येत नाहीत, कडा जमल्या की मध्य जळतं. एम-४२ सोपा आहे असं सगळे सांगतात. सोपा आहे तो वाईट काढायला.

आता कडांकडे या, कारण खरी परीक्षा तिथं आहे. माझ्या सेन्सरवर ६,००० गुणिले ४,००० पिक्सेल आहेत, म्हणजे दोन कोटी चाळीस लाख घरं. यातलं एकेक घर आकाशाचा एवढासा तुकडा बघतं की पर्वतीवर उभं राहून शनिवारवाड्यापाशी कोणी धरलेलं रुपयाचं नाणं जेवढं दिसेल, तेवढाच. तेजोमेघावर मात्र तोच तुकडा इतका मोठा आहे की त्यात आपली नेपच्यूनपर्यंतची सूर्यमाला ओळीनं अकरा वेळा मावेल. अकरा सूर्यमाला रुंद आणि अकरा उंच एवढ्या प्रदेशातून, फिकट कडेवर, माझ्या भिंगाला मिळतो पाच सेकंदांतून एक फोटॉन. लागोपाठच्या दोन फोटॉनांमधलं अंतर काढलं तर पंधरा लाख किलोमीटर येतं, चंद्राच्या अंतराच्या जवळजवळ चौपट. एक येऊन पडतो तेव्हा दुसरा अजून चंद्राच्या कितीतरी मागे असतो.

आणि तेवढ्याच पाच सेकंदांत, त्याच घरात, पुण्याचे दिवे चाळीस टाकून जातात.

शहराचा उजेड धुळीवरून, बाष्पावरून उसळून दुर्बिणीत येतो. पूर्वी रस्त्यावर पिवळे सोडियमचे दिवे होते. त्यांचा प्रकाश मोजक्या रंगांत असायचा, म्हणून फिल्टर लावून बराचसा गाळता यायचा. पांढरे एलईडी आले आणि सगळ्या रंगांत गळती सुरू झाली. फक्त हायड्रोजनचा लाल आणि ऑक्सिजनचा हिरवा आत सोडणारे फिल्टर मिळतात, पण किंमत ऐकून मी अजून विचारच करतोय.

कॅमेरा आलेल्या फोटॉनांपैकी साधारण चौथा हिस्साच पकडतो असं धरू. मिनिटभराची एक फ्रेम घेतली तर फिकट कडेच्या एका घरात तेजोमेघाचे ३ आणि पुण्याचे १२० जमतात. एकशेवीस वजा करून टाकावेत, तीन उरतील, असं काकांनी लगेच सुचवलं. बँकेत चाललं असतं. इथे अडचण अशी की फोटॉन नेमून दिल्यासारखे येत नाहीत. पत्र्यावर पडणाऱ्या पावसाच्या थेंबांसारखे येतात, या मिनिटाला ११२, पुढच्या मिनिटाला १३१. सरासरी १२० असली की अकराएकची चढउतार ठरलेली. अकराच्या हेलकाव्यात तीन कुठे शोधणार?

म्हणून फ्रेमवर फ्रेम रचायच्या. मी दोन रात्री मिळून ३६० घेतल्या, सहा तासांच्या. तेजोमेघाचे झाले १,०८०, पुण्याचे ४३,२००. पण हेलकावा त्या प्रमाणात वाढत नाही, तो वर्गमुळानं वाढतो: फक्त २१०. आता १,०८० विरुद्ध २१० असा सामना आहे, आणि कडेची ती झुलती झालर स्क्रीनवर उमटते. वर्गमुळाचा हा नियम उदार वाटतो तेवढाच चिवट आहे. दुप्पट स्वच्छ फोटो हवा तर चौपट रात्री लागतात, तिप्पट हवा तर नऊपट. गर्द अंधाऱ्या गावात हेच काम अठरा मिनिटांत झालं असतं. मुंबईचे आकाशवेडे वांगणी-नेरळकडे का पळतात आणि १९४४ सालापासून चालू असलेल्या पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेची मंडळी गाड्या काढून शहराबाहेर का जातात, ते या एका भागाकारात आहे. मी गच्चीवरच राहतो, कारण गच्चीवर रात्री दोन वाजता खाली जाऊन चहा करता येतो.

मिनिटभराची फ्रेम घ्यायची म्हणजे दुर्बीण मिनिटभर ताऱ्यांबरोबर फिरायला हवी. पुण्याच्या अक्षांशावर आपली गच्ची ताशी सुमारे १,५९० किलोमीटरनं पूर्वेकडे चाललेली आहे. दुर्बीण न फिरवता धरली तर तारा दर सेकंदाला नऊ पिक्सेल सरकतो, मिनिटाला पाचशेच्या वर. त्यामुळे माउंटचा एक अक्ष ध्रुवाकडे रोखायचा आणि त्याभोवती २३ तास ५६ मिनिटांत एक फेरी, या गतीनं यंत्र चालू ठेवायचं. चूक चालते ती शनिवारवाड्याजवळच्या त्या नाण्याएवढी.

ध्रुव पुण्याहून फक्त साडेअठरा अंश उंचीवर असतो. आमच्याकडे त्या जागी बी विंगची टाकी आहे. त्यामुळे अक्ष अंदाजानं लावायचा, एक तारा पकडायचा, तो वर सरकतोय की खाली ते बघायचं, स्क्रू पाव फेरा फिरवायचा, पुन्हा बघायचं. या उद्योगात पहिला तास जातो. पहिल्या हिवाळ्यात तर मी हे सगळं बिनचूक जमवलं आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर दर पंचवीस-तीस फ्रेमनंतर सात-आठ फ्रेममधले तारे शेवयांसारखे. कारण शोधायला तीन रात्री लागल्या. पाण्याची मोटर! ट्रायपॉड मी टाकीच्या कट्ट्याला खेटून लावला होता, मोटर सुरू झाली की कट्टा थरथरायचा. १,३४० वर्षं सरळ रेषेत आलेला प्रकाश शेवटच्या अर्ध्या मीटरमध्ये आमच्या मोटरनं हलवला. आता ट्रायपॉड चार हात लांब असतो.

घरून फोटो काढणं हा आजकालचा छंद वाटेल, पण तेजोमेघाचा जगातला पहिला फोटोही हौशी माणसाचाच. हेन्री ड्रेपर हे न्यूयॉर्कचे डॉक्टर. हडसन नदीकाठी हेस्टिंग्ज इथं कुटुंबाच्या जागेत त्यांची स्वतःची वेधशाळा होती. ३० सप्टेंबर १८८० रोजी त्यांनी ११ इंची दुर्बिणीतून याच एम-४२ चा ५१ मिनिटांचा फोटो घेतला. मार्च १८८२ मध्ये १३७ मिनिटांपर्यंत मजल गेली, आणि त्याच वर्षी, पंचेचाळिसाव्या वर्षी, ते गेले. पाठोपाठ १८८३ साली लंडनजवळच्या ईलिंगमध्ये अँड्र्यू एन्स्ली कॉमन यांनी आपल्या बागेतल्या ३६ इंची आरशाच्या दुर्बिणीतून काढलेल्या फोटोत डोळ्याला कधीच न दिसलेले तारे उतरले. पेशानं ते सांडपाण्याचे इंजिनिअर. त्या काळची काचेची फोटोपाटी आलेल्या शंभर फोटॉनांतला एखादाही धड धरून ठेवत नसे. तिच्यापुढे माझा जुना कॅमेराही हावरट.

दुसऱ्या टोकाला हबल. त्याचा आरसा माझ्या भिंगाच्या क्षेत्रफळाच्या ९०० पट. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या एम-४२ च्या चित्रासाठी पृथ्वीभोवतीच्या १०५ फेऱ्यांमध्ये घेतलेल्या ५२० प्रतिमा जोडल्या. शंभर कोटी पिक्सेल झाले आणि तीन हजारांहून जास्त तारे दिसले. फ्रेमच्या संख्येत मी फार मागे नाही, एवढंच समाधान.

फोटो तयार होतो तेव्हा आत किती काय कालवलेलं असतं, ते बघू. ३६० फ्रेम, प्रत्येकीत २ कोटी ४० लाख आकडे, एकूण ८६४ कोटी. लॅपटॉप त्यांची रास करतो, विमानं आणि उपग्रह यांच्या रेघा वगळतो, पंखा गरगरत राहतो, आणि सकाळी चहाच्या वेळेला चित्र पुढे येतं. त्यातला प्रकाश निघाला तेव्हा दख्खनवर बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं आणि मराठीतला म्हणून बोट ठेवता येईल असा शिलालेख कोरला जायला अजून तीनेक शतकं होती. तेव्हापासून वसंतसंपात साडेअठरा अंश सरकला. लोकमान्य टिळकांनी १८९३ साली 'ओरायन'मध्ये याच सरकण्याचा धागा धरून, संपात मृगात होता त्या काळापर्यंत वेदांना मागे नेलं. माझ्या फोटोचा प्रकाशही त्याच घड्याळाच्या काट्याखालून आला आहे, फक्त बराच अलीकडे. शिवाय सगळा प्रकाश एका वेळचा नाहीच. तेजोमेघाच्या मागच्या कडेचा प्रकाश पुढच्या कडेपेक्षा चोवीसेक वर्षं आधी निघालेला असतो; दोघं एकाच रात्री माझ्या गच्चीवर पोचतात आणि शेजारच्या पिक्सेलांत बसतात. आजोबांचा तरुणपणीचा फोटो आणि वडिलांचा तरुणपणीचा फोटो एकाच क्लिकमध्ये यावा, तसं काहीसं.

या हिवाळ्यातला फोटो बरा आला. मध्य जळला नाही, कडेची झालर दिसते, वरच्या कोपऱ्यात एम-४३ चा स्वल्पविरामही उमटलाय. मी तो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. ८६४ कोटी आकड्यांचे तिथं दीडशे किलोबाइट झाले. नऊ अंगठे आले, एक हात जोडलेले, आणि काकांचा मेसेज:

"सुंदर. वर आहेसच तर टाकीचं झाकण लागलंय का बघ."